मांडव दीड फूट खाली आणायचाय (परसबाग, गुडघा आणि वानवळा)

कोयनाकाठ · १४ मे

नमस्कार मंडळी. मी इथे वाचत असते, लिहिते क्वचित. आज सल्ला हवाय म्हणून वेगळा धागा काढतेय.

वय ७०. कऱ्हाडला घरामागे अर्धा गुंठा, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फूट मोकळी जागा आहे. सासूबाईंच्या वेळेपासून तिथे भाजी होते. तीन वाफे पालेभाजीचे (माठ, मेथी, आंबट चुका), एक ओळ भेंडी, एक वांगी, मोरीचं पाणी जातं तिथे अळू, आणि मधोमध ह्यांनी बांधलेला मांडव. त्यावर पावसाळ्यात दोडका, पडवळ, काकडी आणि थंडीत पावटा.

माघात उजवा गुडघा बदलला. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आता तुम्हीच सांगा, खुरपणी उकिडवं न बसता करतात कशी? वाकून करून बघितली तर कंबर दोन दिवस बोलत नव्हती माझ्याशी. ह्यांना मोतीबिंदू. मागच्या वर्षी गवत समजून त्यांनी कोथिंबिरीचा अख्खा वाफा उपटला आणि नीट पेंढी बांधून कोपऱ्यात ठेवला. वासावरून कळलं.

मुलगा म्हणतो, "आई, पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ, गाडी लावता येईल." गाडी त्याची. येते वर्षातून चारदा.

पण माझी खरी अडचण वानवळ्याची आहे. आम्हा दोघांना भाजी लागते कितीशी? पाव किलो दोडका दोन वेळा पुरतो. बाकी सगळं अकरा घरांत जातं. समोरच्या बाई, मागच्या गल्लीत भाड्यानं राहणारी बँकेतली मुलगी, भांड्यांना येणाऱ्या मावशी, देवळातले गुरव, एक शिंपी, अशी ही घरं. सासूबाईंचा नियम होता की वानवळा डब्यातून द्यायचा. डबा कुणी रिकामा परत करत नाही, चिमूटभर साखर तरी घालतंच. मी मध्ये आळस करून पिशवीतून द्यायला लागले. पिशवी परत करायची नसते, त्यामुळे ती घेऊन कुणी येतही नाही. आणि आता मलाच पोहोचवायला जाणं होत नाही, अकरातल्या चार घरांना जिना आहे.

तर काय ठेवू आणि काय काढू? मांडव सात फुटांवर आहे. आत्तापर्यंत मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर चढून पडवळ काढत होते. (ओरडू नका.)

---

गच्चीवाली · १४ मे

ओरडतेच. काकू, तो डबा आजच भंगारात द्या!

मी डोंबिवलीत गच्चीवर लावते, वय ५८, पाठीचा मणका सरकलेला. माझं शिक्षण चुका करूनच झालंय, त्यातलं थोडं देते. जमिनीवरचे वाफे विसरा. विटांचे उभे वाफे बांधून घ्या, सव्वादोन-अडीच फूट उंचीचे. दोन्ही बाजूंनी हात पोचणार असेल तर रुंदी तीन फूट, भिंतीला लागून असेल तर दोनच. कडेला एक सपाट कठडा ठेवा टेकायला. उभ्यानं किंवा स्टुलावर बसून खुरपता येतं.

सगळी उंची मातीनं भरू नका, खर्चात जाल. खालचा अर्धा भाग पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, काटक्या. तुम्ही तर उसाच्या पट्ट्यात, पाचट फुकट मिळेल. मी रसवंतीतून चिपाडं आणते. वर एक फूट माती आणि शेणखत पुरे होतं. पहिल्या वर्षी सगळं खाली बसतं, वीतभर तरी. घाबरू नका, वरून भर घाला.

आणि कुंड्या उचलायच्या नाहीत. वीस लिटरच्या बादलीएवढी ओली माती पंचवीस-तीस किलो भरते. झारीसुद्धा पाच लिटरचीच घ्या, दहाची नको.

---

फावडं · १४ मे

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वानवळा वगैरे आपल्या मनाचे खेळ आहेत. लोकांना नको असतं. मी दोन वर्षांपूर्वी बिल्डिंगमध्ये आठ घरांत दुधी वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या डब्यात माझाच दुधी. पिशवीची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. गाठ मीच मारलेली, त्यामुळे ओळखली.

तेव्हापासून फक्त घरापुरतं लावतो. तुम्हीही दोघांपुरत्या चार पिशव्या लावा आणि सुखात राहा.

---

गच्चीवाली · १४ मे

@फावडं, वाईट वाटलं वाचून. पण दुधी केवढा होता? आता घरोघरी दोन-तीन माणसं. दीड किलोचा दुधी आला की पुढचे चार दिवस तोच. मी अर्धा कापून देते, आणि आधी फोन करून विचारते. आमच्याकडे दुधीला नाही म्हणणारे कढीपत्त्याला मात्र रांग लावतात.

---

फावडं · १४ मे

दीड किलोच्या वर होता. बरं, मुद्दा मान्य. अर्धा.

---

निवृत्त_नाडी · १५ मे

चाळीस वर्षं तालुक्याच्या गावी दवाखाना चालवला, आता बंद. त्यामुळे फुकट सल्ला द्यायला मोकळा.

कोयनाकाठ ताई, गुडघ्याचं तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच पाळा. मी बागेपुरतं बोलतो. ओणवं काम करून झटक्यात उभं राहू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बागेतले निम्मे अपघात तसेच होतात. उरलेले पाण्याच्या पायपात पाय अडकून. पाइप वापरून झाला की गुंडाळून खुंटीला. शेवाळलेल्या फरशीवर पावसाळ्यात चुन्याची भुकटी किंवा खरखरीत पायपुसणं टाका. धनुर्वाताची सुई दर दहा वर्षांनी घ्यायची असते हे लोक शाळेबरोबरच विसरतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात अनवाणी जायचं नाही, लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती असते.

आता वानवळ्याबद्दल, माझ्याकडचा एक किस्सा. एक पेशंट होते, हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू. वर्षभर रिपोर्ट छान. श्रावण आला की आयएनआर घसरायचा, म्हणजे रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागायचं. गोळ्या चुकत नव्हत्या. दोन श्रावण असे गेले, मग मी त्यांच्या सौभाग्यवतींना रोजचं जेवण विचारलं. शेजारीण परसातला माठ आणि अळू रोज आणून द्यायची! पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं, ते त्या गोळीच्या उलट काम करतं. भाजी बंद करायची नसते, पण रोज साधारण सारखी खायची, एकदम ढीग नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो, त्यांनीही विचारून घ्यावं. तुमच्या अकरा घरांत आपल्याच वयाची माणसं बरीच असणार, म्हणून सांगितलं.

---

जांभा_दगड · १५ मे

आम्ही राजापूरकडचे. आमच्याकडे वानवळ्याचा पहिला मान वानरांचा, उरलं तर शेजाऱ्यांचा. भेंडी, काकडी, लाल भोपळ्याचं फूलसुद्धा ठेवत नाहीत. अळू, सुरण, हळद, मिरची यांना मात्र हात लावत नाहीत म्हणून ती लावतो. वय झाल्यावर माझा कल याच झाडांकडे गेलाय. एकदा लावली की मागे लागत नाहीत.

काकू, तुम्ही दरवर्षी पेरायच्या भाज्या कमी करा आणि राहणाऱ्या वाढवा. तोंडलीचा वेल काडीनं लागतो, वर्षानुवर्षं देतो. मायाळू कुंपणावर सोडा. कढीपत्ता. शेवगा लावा, पण दरवर्षी छातीएवढ्या उंचीवर छाटा. उंच गेला तर शेंगा तोडायला कुणीतरी चढतं आणि शेवग्याची फांदी दगा देते, काडकन मोडते. पीकेएम-१ जातीला बी लावल्यापासून सहा-आठ महिन्यांत शेंगा येतात, म्हणजे आपल्या हयातीत नक्की. (विनोद आहे, माझं वय ६६.)

मांडवाला सात फूट कशाला? आमचे आजोबा मांडव स्वतःच्या कपाळाच्या उंचीनं बांधायचे. माझ्या कपाळाला अजून खूण आहे.

पालापाचोळा रचाल तर ढिगात हात घालण्याआधी काठीनं हलवा. आमच्याकडे फुरसं (छोटा विषारी साप) असतं. तुमच्याकडेही असू शकतं.

---

कोयनाकाठ · १६ मे

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. डबा भंगारात गेला. (तेलाचा. वानवळ्याचा आहे.)

डॉक्टर, तुमचा किस्सा वाचून समोरच्या बाईंना विचारलं. त्यांना तीच गोळी! पाच वर्षं मी त्यांना आठवड्याला माठाच्या दोन मोठ्या जुड्या देतेय. त्या म्हणाल्या, "तुमचं मन कसं मोडायचं?" आता त्यांना दोडका देणार, आणि माठ देईन तो मूठभर.

मांडव दीड फुटानं खाली आणायचा ठरलाय. हे नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, मांडवाखालून ताठ मानेनं जाता आलं पाहिजे. मी म्हटलं, तुम्ही पाच फूट तीन इंच आहात, कुठून जाल तिथून ताठ मानेनंच जाल.

मुलाचा प्रश्न तसाच आहे. फोनवर म्हणाला, "तू पडलीस तर धावत कोण येणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

सांगोल्याची_लेक · १६ मे

काकू, मी त्या मुलाच्या जागी होते म्हणून लिहिते.

वडील ८१. सांगोल्याला घराभोवती बाग. दोन वर्षांपूर्वी पायपात अडकून पडले, मनगट मोडलं. मी पुण्याहून गेले आणि रागारागात आठ दिवसांत सगळं काढून टाकलं. वांगी लगडलेली होती तीसुद्धा. त्यांनी एक शब्द काढला नाही. मग अंगणात एकटी तुळस राहिली, तिला ते दिवसातून सहा वेळा पाणी घालायला लागले. तुळस कुजली. दुसरी आणली, तीही कुजली. तिसरी आणायला गेले तेव्हा नर्सरीवाल्यानं विचारलं, घरात पाणी घालणारं कोण आहे?

मग कमरेच्या उंचीच्या लोखंडी मांडणीवर सहा पिशव्या करून दिल्या. दोन मिरची, दोन वांगी, एक टोमॅटो, एक पुदिना. ठिबकची नळी, दोनशे लिटरचा पिंप चार फूट उंचीच्या कट्ट्यावर, मोटर नाही. नळी जमिनीवरून जात नाही, भिंतीला चिकटवलीय. त्यांच्या खिशात फोन असतो आणि ते सकाळी साडेसातनंतरच बाहेर जातात, कारण तेव्हा शेजारचे काका ओट्यावर पेपर वाचत बसलेले असतात. मुलाला असं काही ठरवून सांगा. "मला काही होत नाही" असं म्हणालात तर तो ब्लॉकच टाकणार. मीही टाकले असते.

---

काळी_माती · १७ मे

परभणी जिल्हा, शेतकरी, वय ४५. बियांचं बोलतो. काकू, दरवर्षी पाकीट आणत असाल तर थांबवा. संकरित बियाण्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच येत नाही. सरळ वाण लावा. भेंडीत आमच्या विद्यापीठाची 'परभणी क्रांती' जुनी आहे, पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला दाद देत नव्हती म्हणून नावाजली. तुमच्या भागाचा वाघ्या घेवडा आहेच. दोन झाडांच्या शेंगा शेवटपर्यंत ठेवा, वाळल्या की बी काढून राखेत घोळून बाटलीत. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी अशी गावरान वाणं घरात जपली, त्यासाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. आपल्याला पद्मश्री नको, पण पावट्याचं बी तरी विकत आणायची वेळ येऊ नये.

आणि काकू, तुमचं बी दुसऱ्या दोन घरांत तरी ठेवा. आमच्या आजीचा एक गोड चवीचा वाल होता, बी तिच्याच उतरंडीत होतं. ती गेल्यावर उतरंड साफ करताना कुणीतरी ते कोंबड्यांना टाकलं. बारा वर्षं शोधतोय.

---

परदेशी_मेथी · १८ मे

इंग्लंडमधून. इथे नगरपालिका भाजी लावायला तुकडे भाड्यानं देते. पूर्ण तुकडा १० रॉडचा, म्हणजे २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. साठीनंतर बरेच जण अर्धा तुकडा परत करतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. माझ्या शेजारी ८४ वर्षांचे गृहस्थ आहेत. आधी पूर्ण, मग अर्धा, आता फक्त कोपऱ्यातले तीन उंच वाफे. ते खुर्चीवर बसून मला ओरडतात, मी खणते. बदल्यात मेथी देते. पहिल्यांदा दिली तेव्हा त्यांनी सॅलडमध्ये कच्ची खाल्ली आणि आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

---

फावडं · १८ मे

मला एक सुचलंय. पोहोचवायला जाऊच नका. लोकांना तोडायला बोलवा. स्वतःच्या हातानं तोडलेला दुधी कुणी कचऱ्यात टाकत नाही.

---

कोयनाकाठ · १८ मे

फावडं, हे तुम्ही लिहिलंत? शेवट बघा कुठे आला.

पण खरं सांगू, पोटात गोळा आला वाचून. दुसऱ्याचा हात वेलाला लागणार! आमची वेलं नाजूक, ओढून तोडलं की अख्खी फांदी येते. विचार करते.

---

कोयनाकाठ · १४ सप्टेंबर

खूप दिवसांनी येतेय. काय झालं ते सांगते, कारण इतक्या लोकांनी डोकं चालवलं होतं.

मृगाच्या आत दोन उंच वाफे बांधून झाले, सहा फूट लांब, तीन रुंद, सव्वादोन उंच. खाली पाचट. गच्चीवालीनं सांगितलं तसे वीतभर बसले, मी तयारीत होते. जमिनीवरचे तिन्ही वाफे बंद. अळू आहे तिथेच, त्याला मी काही करत नाही आणि तो मला. वांगी काढली, कीड फार व्हायची आणि खालून बघावं लागायचं. तोंडलीची काडी लागलीय. मुलगा आला, दोन दिवस राहिला, पाण्याचा पाइप भिंतीला ठोकून गेला. अर्ध्या जागेत ब्लॉक टाकलेत, तडजोड. पण खुर्ची त्या ब्लॉकवर छान सपाट बसते हे मी त्याला सांगितलेलं नाही.

मांडव साडेपाच फुटांवर आला. हे एकदाच धडकले.

फळं मात्र लागेनात. दोडक्याला फुलं भरपूर, बारीक दोडके पिवळे पडून गळायचे. मग लक्षात आलं की मधमाश्याच दिसत नाहीत. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. पाचच्या चहानंतर मी खुर्चीवर बसून नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं. मादी कशी ओळखायची, तर फुलाच्या मागे बोटाएवढा दोडका आधीच असतो. पूर्वी सात फुटांवर हे दिसायचंच नाही, आता डोळ्यांसमोर. काकडीचं सकाळी करायचं.

आता वानवळा. श्रावणापासून सांगितलं, मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आठ ते नऊ, डबा घेऊन या, तोडून न्या. पहिल्या शनिवारी तीन जण आले. बँकेतल्या मुलीनं भेंडी ओढून तोडली, झाडाचं साल सोललं गेलं. मी खुर्चीवरून "अगं अगं!" केलं, ती रडवेली. मग कात्री दिली. टोक मोडून बघायला शिकवलं, टक् झालं तर कोवळी, वाकली तर जून. हाताला खाज सुटते म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट. आता ती सगळ्यात आधी येते आणि गुरवांना शिकवते. गुरव चिडतात.

अकरातली दोन घरं येतच नाहीत. शिंपी म्हणाले, "आयतं मिळायचं ते बरं होतं." चिडले मी, दोन रात्री. मग एका शनिवारी बँकेतली मुलगीच त्यांचा डबा भरून घेऊन गेली, त्यांचं दुकान तिच्या वाटेवर आहे. डबा परत आला त्यात बटणं होती, माझ्या ब्लाउजची तुटलेली त्याच रंगाची.

ऋषिपंचमीला मजा आली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, हातानं पिकवलेलंच लागतं. बाजारात त्या भाजीचे भाव तुम्हाला माहीत आहेतच. आमच्याकडे अळू, पडवळ, दोडका, काकडी, भेंडी, थोडा माठ, एवढं घरचं झालं. भोपळा आणि मक्याची कणसं समोरच्या बाईंनी आणली. नऊ घरांची भाजी निवडायला सगळ्या ब्लॉकवर बसल्या. मी खुर्चीवर, मांडी घालायची नाही ना.

---

सांगोल्याची_लेक · १४ सप्टेंबर

काकू, वाचून फार बरं वाटलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पडवळाचं बी मागून घे. मिळेल का? पिशवीत होईल का पण?

---

काळी_माती · १४ सप्टेंबर

मलाही. आणि तो तुमचा पावटा कोणता आहे? फोटो टाका, गोड लागतो का सांगा.

---

कोयनाकाठ · १५ सप्टेंबर

पावट्याला थंडीपर्यंत थांबा, गोड आहे की नाही ते तुम्हीच खाऊन ठरवा. बी धरताना तुमच्यासाठी वेगळी बाटली करते.

पडवळाचं नक्की पाठवते, एक फळ पिकायला ठेवलंय, आता नारिंगी व्हायला लागलंय. मोठ्या पिशवीत होईल, पण दोनच वेल ठेवा आणि मांडव वडिलांच्या कपाळाएवढाच करा. पडवळ हातभर झालं की टोकाला सुतळीनं सुपारीएवढा दगड बांधायचा, नाहीतर वेटोळं होतं. दगड मोठा नको, माझ्या सासऱ्यांनी एकदा पाटा-वरवंट्याचा तुकडा बांधला होता. अख्खा वेल खाली.

पत्ता निरोपात कळवा. आणि रिकामं पाकीट परत पाठवू नका हं.